वाचकांचे प्रश्न : जुन्या मोटरसायकलचे इंजिन घरी खोलताना

कार्ब्युरेटरच्या सफाईविषयी गेल्या अंकात दिलेली उत्तरे वाचून आलेली बहुतेक पत्रे त्याच्या पुढच्या पायरीविषयी आहेत : जुन्या गाडीचे इंजिन स्वतः खोलून पुन्हा बांधता येईल का? एका सिलिंडरच्या, कार्ब्युरेटरवर चालणाऱ्या जुन्या इंजिनांपुरते उत्तर होय असे आहे. स्प्लेंडर, आरएक्स 100 आणि बुलेट यांचे सुटे भाग पुण्याच्या नाना पेठेपासून तालुक्याच्या दुकानापर्यंत अजूनही मिळतात, आणि लेथवर ब्लॉक (सिलिंडर) बोअर करून, म्हणजे आतून कापून मोठा करून देणारा कारागीर जवळपास प्रत्येक मोठ्या गावात असतो. खालील उत्तरांत मोजमापाचा विषय वारंवार येईल, आणि तो मी मुद्दाम आणला आहे. घरी बांधलेले इंजिन लवकर परत उघडावे लागते ते बहुधा काहीतरी मोजायचे राहून गेल्यामुळे.

प्रश्न : वडिलांनी नवी घेतलेली 1998 सालची हीरो होंडा स्प्लेंडर माझ्याकडे आहे. ती निळसर धूर मारते आणि दोन सर्व्हिसिंगच्या मध्ये ऑइल टाकावे लागते. मेकॅनिक म्हणतात, पूर्ण इंजिन करावे लागेल. मला पाने-पकडीची सवय आहे. हे काम घरी करावे का, आणि खरोखर पूर्ण इंजिन करण्याची गरज आहे का? (एक शिक्षक, तासगाव)

उत्तर : दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण पहिल्याचे उत्तर त्यावर अवलंबून आहे. निळसर धुरावरून ऑइल जळते आहे एवढेच कळते. ते कोणत्या वाटेने आत शिरते हे धूर केव्हा दिसतो यावरून ओळखावे लागते. सकाळी पहिल्या किकला धुराचा लोट येऊन मिनिटाभरात थांबत असेल, किंवा घाट उतरताना बराच वेळ थ्रॉटल बंद ठेवून एकदम उघडल्यावर मागे धूर दिसत असेल, तर ऑइल व्हॉल्व्हच्या दांड्याकडेने खाली झिरपते आहे आणि दोष सील किंवा गाइडमध्ये आहे. चढावर, मागे माणूस बसलेला असताना, इंजिन ओढत असेपर्यंत धूर सुटत राहत असेल, तर रिंगा आणि ब्लॉक झिजले आहेत. पहिल्या स्थितीत केवळ हेड उतरवून काम भागते, आणि तेवढ्यासाठी पूर्ण इंजिनाचा खर्च करणे मला योग्य वाटत नाही.

त्यानंतर कॉम्प्रेशन गेज लावून पाहावे. इंजिन गरम करून प्लग काढावा, गेज लावावे, थ्रॉटल पूर्ण उघडी धरावी आणि काटा वर जायचा थांबेपर्यंत किक माराव्यात. आकडा कमी आल्यास प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल सोडून पुन्हा मोजण्याची रीत आहे : आकडा वाढला तर रिंगा गेल्या, न वाढला तर व्हॉल्व्ह किंवा हेडचे पॅकिंग. स्प्लेंडरच्या बाबतीत मात्र या दुसऱ्या मोजणीवर पूर्ण विसंबू नये. तिचा सिलिंडर जवळपास आडवा असल्याने ऑइल रिंगेभोवती सारखे न पसरता खालच्या बाजूला साचते आणि आकडा फसवतो. त्यापेक्षा पिस्टन वरच्या टोकाला आणून, दोन्ही व्हॉल्व्ह बंद असताना, प्लगच्या भोकातून हवा भरावी आणि ती कोठून निसटते ते ऐकावे. सायलेन्सरमधून फुसफुस आली तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, कार्ब्युरेटरमधून आली तर इनलेट व्हॉल्व्ह, आणि ऑइल भरण्याच्या तोंडातून आली तर रिंगा किंवा ब्लॉक. हवा भरताना गाडी गिअरमध्ये टाकून मागचा ब्रेक कोणाला तरी दाबून धरायला सांगावे, अन्यथा पिस्टन खाली ढकलला जातो.

ब्लॉक उतरवावा लागलाच, तर कनेक्टिंग रॉड वरच्या टोकाला धरून सरळ वर-खाली ओढून पाहावा. बाजूला थोडा सरकणे स्वाभाविक आहे, पण वर-खाली अजिबात खेळ नको. तसा खेळ नसेल, खालून खडखड येत नसेल आणि गिअर व्यवस्थित पडत असतील, तर क्रँककेस, म्हणजे क्रँक आणि गिअर सामावणारी खालची पेटी, फोडू (उघडू) नये. चांगला चाललेला खालचा भाग केवळ ‘आता उघडलेच आहे तर’ म्हणून सोडवला की नवी गळती आणि नवा खर्च मागे लागतो. ‘पूर्ण इंजिन’ हा निर्णय या तपासण्यांनंतर घ्यावा.

आता ब्लॉकचे माप. या इंजिनाचा बोअर, म्हणजे ब्लॉकच्या आतला व्यास, 50 आणि स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची वर-खाली धाव, 49.5 मिलिमीटर आहे, म्हणून ते 97.2 सीसी भरते. झीज शतांश मिलिमीटरमध्ये असते आणि ती व्हर्निअरने कळत नाही. ब्लॉक लेथवाल्याकडे न्यावा आणि बोअर गेजने वर, मध्ये, खाली अशा तीन उंचींवर, प्रत्येक ठिकाणी आडव्या-उभ्या दोन दिशांनी, सहा मापे आपल्यासमोर घ्यायला सांगावीत. वरच्या रिंगेच्या पट्ट्यात आणि पिस्टन ज्या बाजूला रेटला जातो त्या बाजूला झीज अधिक आढळते. हे आकडे वहीत उतरवून मॅन्युअलमधील मर्यादेशी ताडून पाहावेत. झीज मर्यादेत असेल तर फक्त रिंगा बदलून हलकी होनिंग (भिंत दगडाने घासून बारीक रेघा उठवणे) पुरते. मर्यादेबाहेर असेल तर 0.25, 0.50, 0.75 किंवा 1.00 मिलिमीटर मोठा पिस्टन घेऊन बोअर करावा. पिस्टन आधी विकत घ्यावा आणि बोअर त्या पिस्टनच्या प्रत्यक्ष मापावर करून घ्यावा. डब्यावर छापलेल्या आकड्यावर बोअर करणारा कारागीर टाळावा, कारण दोन डब्यांतील पिस्टनांत शतांशांचा फरक असतो आणि त्यांच्यातील फट ठरते तीही शतांशांतच.

घरी परत आल्यावर नवी रिंग एकटीच ब्लॉकमध्ये घालावी, पिस्टनने ढकलून सरळ बसवावी आणि तिच्या दोन टोकांमधील फट फीलर गेजने (जाडी लिहिलेल्या पातळ पट्ट्यांनी) मोजावी. दर 25 मिलिमीटर बोअरमागे सुमारे 0.1 मिलिमीटर हा सर्वसाधारण हिशेब आहे. म्हणजे येथे 0.2 च्या आसपास. फट फारच कमी असेल तर गरम झाल्यावर टोके एकमेकांना भिडून रिंग ब्लॉकला चरे पाडते. रिंगेवरील अक्षर वरच्या बाजूला ठेवावे, तिन्ही रिंगांच्या फटी एकाखाली एक येऊ देऊ नयेत, आणि पिस्टनवरील ‘आयएन’ ही खूण इनलेटच्या बाजूला असावी. गजन पिनचे (पिस्टन रॉडला जोडणाऱ्या पिनचे) लॉक दर वेळी नवे घालावे, आणि ते बसवताना क्रँककेसच्या तोंडात स्वच्छ फडके कोंबावे, म्हणजे निसटलेले लॉक आत पडणार नाही.

घरी काम करणाऱ्याची सर्वाधिक फसगत कॅमच्या टायमिंगमध्ये होते. मॅग्नेटवर (क्रँकच्या टोकावरील चुंबकी चाकावर) ‘टी’ आणि ‘एफ’ अशी दोन अक्षरे असतात. ‘टी’ म्हणजे पिस्टन अगदी वर आल्याची खूण. ‘एफ’ ही ठिणगी पडण्याची खूण आहे. कॅमची चेन चढवताना ‘टी’ची रेघ खाचेसमोर आणावी आणि कॅम स्प्रॉकेटवरील गोल खूण हेडवरील खाचेशी जुळवावी. घाईत ‘एफ’ जुळवली गेली की गाडी चालू होते, पण ओढत नाही, आणि मग दोष नव्या पिस्टनवर जातो. हेड काढतानाच चेनला तार बांधून ठेवावी, म्हणजे ती खाली घरंगळत नाही. व्हॉल्व्ह लॅप केल्यावर, म्हणजे पेस्ट लावून सीटवर घासून बसवल्यावर, हेड उलटे धरून पोर्टमध्ये पेट्रोल ओतावे आणि थोडा वेळ थांबावे; व्हॉल्व्हच्या कडेला ओल दिसली तर पुन्हा घासावे. सीटला खड्डे पडलेले असतील तर मात्र सीट कटिंगचे काम लेथवरच करावे लागेल. बोअर आणि सीट कटिंग ही दोन कामे सोडली, तर बाकी सगळे आपण घरी अवश्य करावे.

प्रश्न : माझ्या 1994 च्या यामाहा आरएक्स 100 चा ब्लॉक दोन वेळा बोअर केला, आणि दोन्ही वेळा रनिंगमध्येच (नवे बांधलेले इंजिन जपून चालवण्याच्या काळात) पिस्टन सीझ झाला, म्हणजे ब्लॉकमध्ये जाम झाला. लेथवाला म्हणतो माप बरोबर आहे, मेकॅनिक म्हणतो पिस्टन हलक्या दर्जाचा होता. आता तिसऱ्यांदा बोअर करण्याआधी काय पाहावे? (एक वाचक, कराड)

उत्तर : तिसरा पिस्टन घेण्याआधी आधीचे दोन्ही पिस्टन समोर ठेवून त्यांच्यावरील खरचटण्याच्या जागा नीट पाहाव्यात. खुणा पिस्टनच्या भोवती चार ठिकाणी, जवळपास समान अंतरावर असतील, तर पिस्टन बोअरपेक्षा लवकर फुगला : एक तर फट कमी होती, किंवा इंजिन थंड असताना लगेच जोरात पळवले गेले. खुणा एकट्या एक्झॉस्टच्या बाजूला असतील तर उष्णता जास्त झाली, म्हणजे मिश्रणात पेट्रोल कमी आणि हवा अधिक होती. इनलेटच्या बाजूला असतील तर ऑइल पुरेसे पोहोचले नाही. लेथवाला आणि मेकॅनिक यांच्यातील वाद या खुणांवरून पुष्कळसा मिटतो.

आपण लिहिल्याप्रमाणे दोन वेगळ्या पिस्टनांची एकच गत झाली असल्याने माझा पहिला संशय हवेच्या गळतीवर आहे. टू-स्ट्रोक इंजिनात क्रँककेस हीच मिश्रण दाबून वर पाठवणारी खोली असते आणि क्रँकच्या दोन्ही टोकांना ऑइल सील असतात. मॅग्नेटच्या बाजूचे सील कडक झाले की तेथून बाहेरची हवा आत खेचली जाते, मिश्रण पातळ होते आणि इंजिन तापते. थ्रॉटल सोडल्यावरही इंजिनाचा वेग लगेच खाली येत नाही, हे त्याचे ठळक लक्षण. क्लचच्या बाजूचे सील गेले तर उलट गिअर ऑइल आत खेचले जाऊन जळते : दाट पांढुरका धूर, जळक्या गिअर ऑइलचा वास, आणि गिअर ऑइलची पातळी हळूहळू कमी. ब्लॉक कितीही अचूक बोअर केला तरी यांपैकी काहीच सुधारत नाही, आणि तरीही अनेक ठिकाणी सील न बदलता केवळ ब्लॉक व पिस्टन बदलून गाडी परत दिली जाते, याचे मला फार वाईट वाटते.

गळती घरी तपासता येते. इनलेट आणि एक्झॉस्ट या दोन्ही वाटा रबराचा तुकडा आणि पट्टी लावून पक्क्या बंद कराव्यात, एका रबरातून नळी आत घ्यावी, आणि त्या नळीला रक्तदाब मोजण्याच्या काट्याच्या यंत्राचा फुगा आणि गेज जोडावे. काटा 300 पर्यंत न्यावा. म्हणजे सुमारे 6 पीएसआय दाब होतो, आणि एवढा दाब सीलना इजा न करता पुरेसा आहे. मग काट्याकडे पाच मिनिटे पाहत बसावे. काटा जागेवर टिकला तर इंजिन घट्ट आहे. उतरू लागला तर साबणाचे पाणी ब्रशने सील, ब्लॉकचे बूड, हेडचा सांधा आणि इनलेटचे रबर यांवर लावून बुडबुडे शोधावेत. सायकलचा किंवा कंप्रेसरचा पंप वापरू नये, त्याच्या दाबाने चांगले सीलही जागेवरून सरकते. मॅग्नेट काढण्यासाठी पुलरच वापरावा. हातोड्याने ठोकून काढलेल्या मॅग्नेटमुळे क्रँक वाकते, आणि प्रेसने जोडलेल्या क्रँकला तो धक्का शतांशांतही सहन होत नाही.

दुसरी तपासणी ब्लॉकची. आरएक्स 100 चा बोअर आणि स्ट्रोक दोन्ही 50 मिलिमीटर आहेत, आणि ब्लॉकच्या भिंतीत पोर्टांची भोके आहेत. बोअर केल्यावर या भोकांच्या कडा धारदार राहतात; त्या बारीक दगडाने किंचित गोलसर कराव्या लागतात, अन्यथा रिंग त्यात अडकते. ब्लॉक हातात घेऊन आत बोट फिरवावे, आणि कडा बोटाला लागत असेल तर ब्लॉक परत लेथवाल्याकडे पाठवावा. रिंगेच्या दोन्ही टोकांमध्ये पिस्टनच्या खोबणीतील छोटी पिन बरोबर आली आहे ना, आणि पिस्टनवरील बाण एक्झॉस्टकडे आहे ना, हे ब्लॉक खाली सरकवण्याआधी पाहावे. होनिंगनंतर ब्लॉक पेट्रोलने किंवा डिझेलने पुसून भागत नाही, दगडाची पूड भिंतीच्या रेघांत बसून राहते. गरम पाणी आणि कपड्यांचा साबण घेऊन ब्रशने घासावे, कोरडा करावा, मग पांढऱ्या फडक्याला थोडे ऑइल लावून आतून पुसावा. फडके करडे निघत असेल तोवर हे पुन्हा करावे. हे काम लेथवाला करून देत नाही आणि दुकानात कोणाला सवड नसते, म्हणून ते आपणच करावे.

ऑइलविषयी शेवटचे. कंपनीचा ऑइल पंप काढून पेट्रोलमध्येच ऑइल मिसळण्याची पद्धत आपल्याकडे रूढ आहे. तसे केले असेल तर रनिंगच्या काळात मनाने दुप्पट ऑइल घालू नये. पेट्रोलमध्ये ऑइल वाढले की जेटमधून जाणाऱ्या प्रत्यक्ष पेट्रोलचे प्रमाण घटते, मिश्रण पातळ होते आणि पिस्टन वाचवण्याच्या हेतूने केलेली गोष्ट उलटते. त्यातच आता पंपांवर 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळते आणि तेही मिश्रण पातळ करण्याच्याच बाजूने असते. म्हणून मेन जेट मूळ मापाचा आहे ना हे पाहावे, आणि काही अंतर गेल्यावर प्लगचा रंग पाहावा. तो पांढरट दिसत असेल तर गाडी पुढे पळवू नये. जेट एक पायरी मोठा घालून पुन्हा पाहावे.

प्रश्न : बाबांची 1976 सालची बुलेट 350 मला स्वतःच्या हाताने चालती करायची आहे. माझे मेकॅनिकल डिप्लोमाचे शिक्षण झाले आहे, पण इंजिन कधी खोललेले नाही. आमचे मेकॅनिककाका म्हणतात की बुलेटला हात लावू नकोस, ते मुलींचे काम नाही. सुरुवात कोठून करावी आणि कोठे थांबावे? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : काकांचा अनुभव मोठा असेल, परंतु या मुद्द्यावर त्यांचे म्हणणे मान्य करता येत नाही. बुलेटच्या कामात जोरापेक्षा योग्य मापाचा पाना, पुलर आणि चिकाटी लागते. डिप्लोमाच्या कार्यशाळेत मायक्रोमीटर आणि डायल गेज आपण हाताळले आहेत. इंजिन बांधणाऱ्या कित्येकांनी ते कधी वापरलेले नसते. काकांना सोबत घ्यावे, वाद घालू नये, मापे आपण घ्यावीत.

पहिली गोष्ट हत्यारांची. त्या काळच्या बुलेटचे बहुतेक नट-बोल्ट ब्रिटिश मापाचे आहेत. मेट्रिक पाना त्यांना जवळपास बसतो, आणि ‘जवळपास’ बसल्यामुळेच नटाचे कोपरे जातात. इंची पाने वेगळे घ्यावेत. टायमिंग कव्हर काढल्यावर क्रँकच्या टोकाला जो पेचदार वर्म नट दिसतो, जो ऑइल पंपाचा दांडा फिरवतो, त्याचे आटे उलटे आहेत. नेहमीच्या दिशेने जोर लावला तर तो आणखी घट्ट होतो आणि शेवटी तुटतो.

या इंजिनाचा बोअर 70 आणि स्ट्रोक 90 मिलिमीटर असून ब्लॉक बिडाचा आहे. हेड, व्हॉल्व्ह, ब्लॉक, पिस्टन हे सगळे आपण स्वतः करावे. मापांची रीत वर स्प्लेंडरसाठी सांगितली तीच, फक्त रिंगेची फट येथे 0.28 मिलिमीटरच्या आसपास धरावी. क्रँक मात्र आपण फक्त तपासावी. या बुलेटच्या बिग एंडला (रॉडच्या खालच्या टोकाला) रोलर बेअरिंग नसून फिरता बुश आहे. रॉडमध्ये वर-खाली खेळ जाणवला तर दोन्ही चाके प्रेसवर वेगळी करून, नवा बुश बसवून, सेंटरवर फिरवून डायल गेजने सरळ करावी लागतात. हे काम रोज बुलेटच्या क्रँक करणाऱ्या कारागिराकडे द्यावे आणि परत घेताना डायल गेजचा काटा आपल्यासमोर फिरवून दाखवायला सांगावे. मी येथे थांबायला सांगतो आहे ते प्रेस आणि सेंटर घरी नसतात म्हणून.

बुलेट बांधताना सर्वांत जास्त लक्ष ऑइलच्या वाटेवर द्यावे. टायमिंग कव्हरमधून क्रँकच्या टोकात ऑइल शिरते तेथे बुचाच्या लाकडाचे एक छोटे वॉशर असते. ते बोटाच्या नखाएवढे आणि जुने झाल्यावर काळपट चिपाडासारखे दिसते, त्यामुळे पुसताना कचरा समजून फेकले जाते. ते नसले किंवा दबले गेले की पंपाने पाठवलेले ऑइल बिग एंडपर्यंत न जाता तेथेच निसटते, आणि नवा बुश थोड्याच दिवसांत वाजू लागतो. नवे वॉशर रात्रभर ऑइलमध्ये भिजत ठेवून बसवावे. दोन्ही पंपांच्या प्लंजर आणि चकत्या काचेवर लॅपिंग पेस्टने घासून सपाट कराव्यात, पेस्टचा कणही मागे ठेवू नये. बांधून झाल्यावर प्लग काढून किक मारत राहावे आणि हेडकडे जाणाऱ्या ऑइल पाइपचा बोल्ट ढिला करून पाहावा. तेथे ऑइल दिसल्याशिवाय गाडी चालू करू नये.

टॅपेटसाठी, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या भागांतील फट लावण्यासाठी, फीलर गेज लागत नाही. इंजिन पूर्ण थंड असावे, पिस्टन कॉम्प्रेशनच्या स्ट्रोकला वर आणावा, आणि पुश रॉड दोन बोटांत धरून फिरवावा : तो सहज फिरला पाहिजे, पण वर-खाली हलता कामा नये. थंड इंजिनात शून्य फट ठेवण्याची ही रीत या इंजिनापुरतीच आहे, इतर गाड्यांना ती लावू नये. पिस्टन वर आहे पण एक्झॉस्ट संपून इनलेट सुरू होतानाचा आहे, अशी गल्लत होऊ नये म्हणून आधी दोन्ही पुश रॉड मोकळे आहेत ना हे पाहावे.

प्रश्न : क्लच कव्हरच्या स्क्रूंची डोकी गोल झाली आहेत आणि एका ठिकाणी आटे निघून आले. काय करावे? (एक वाचक, इचलकरंजी)

उत्तर : जपानी बनावटीच्या स्क्रूची खाच आपल्या नेहमीच्या स्टार स्क्रूड्रायव्हरच्या टोकाशी पूर्ण जुळत नाही, म्हणून तो घसरून खाच खातो. इम्पॅक्ट ड्रायव्हर लावून हातोडीचे मोजके ठोके द्यावेत. तेही चालले नाही तर डोके ड्रिलने काढून, कव्हर उतरवून, उरलेली दांडी पकडीने फिरवावी. गेलेल्या आट्यांसाठी एम-सीलने भरणे किंवा मोठा स्क्रू ठोकणे हा उपाय नव्हे. त्या मापाचे हेलिकॉइल (तारेच्या गुंडाळीचे नवे आटे) बसवून घ्यावे, ते मूळ आट्यांपेक्षा टिकाऊ होते. ॲल्युमिनियममधील 6 मिलिमीटरच्या बोल्टला सुमारे 10 न्यूटन-मीटर इतकाच पीळ पुरतो. सर्व स्क्रू सारख्या लांबीचे नसतात. पुठ्ठ्यावर कव्हरची आकृती काढून प्रत्येक स्क्रू त्याच्या जागी टोचून ठेवावा, म्हणजे लांब स्क्रू आखूड भोकात जाऊन केस फोडणार नाही.

प्रश्न : गावच्या घराच्या पडवीत आजोबांची येझदी बरीच वर्षे उभी आहे. किक जागची हलत नाही. पाय देऊन सोडवावी का? (एक वाचक, राजापूर)

उत्तर : नाही, कृपया किकवर उभे राहू नये. कोकणच्या दमट, खाऱ्या हवेत उघड्या पोर्टमधून ओल आत जाते आणि रिंगा गंजून ब्लॉकला चिकटतात. जबरदस्ती केली तर रिंगेचे तुकडे पोर्टमध्ये अडकतात किंवा किकचे दाते जातात. हेड उतरवावे, पिस्टनच्या डोक्यावर डिझेल आणि पातळ ऑइल यांचे मिश्रण ओतावे आणि काही दिवस मुरू द्यावे, मध्ये मध्ये भर घालावी. मग पिस्टनवर सपाट लाकडी ठोकळा ठेवून हलके ठोके द्यावेत. पिस्टन थोडा जरी खाली सरकला तरी गाडी गिअरमध्ये टाकून चाक पुढे-मागे हलवत त्याला मोकळे करता येते.

पिस्टन सुटला म्हणून लगेच गाडी चालू करण्याचा मोह मात्र आवरावा. टू-स्ट्रोकच्या क्रँक बेअरिंगना ऑइल मिळते ते पेट्रोलबरोबरच, त्यामुळे उभ्या गाडीत त्यांच्यावर गंज आलेला असतोच असे धरून चालावे. अशा इंजिनाची केस फोडून बेअरिंग आणि सील बदलणे हाच माझा सल्ला आहे. बेअरिंग बसवताना केस ओव्हनमध्ये सगळीकडून सारखी, 100 अंशांच्या आसपास तापवावी आणि बेअरिंग फ्रीजरमध्ये थंड करून घ्यावे. ते जवळपास स्वतःच्या वजनाने बसते. गॅसच्या ज्योतीने एकाच ठिकाणी तापवल्यास केस वाकडी होते. म्हैसूरच्या कारखान्याचे उत्पादन 1996 मध्ये थांबले, त्यामुळे मूळ भाग फेकून देण्याआधी दुरुस्त होतो का हे पाहावे.

प्रश्न : माझ्या गाडीची डावी क्रँककेस फुटली आहे. जुन्या बाजारात दुसरी मिळते आहे. ती बसवली तर आरटीओची अडचण येईल का? (एक वाचक, फोंडा, गोवा)

उत्तर : पिस्टन, रिंगा, क्रँक किंवा ब्लॉक बदलण्याने नोंदणीत फरक पडत नाही. इंजिन क्रमांक ज्या केसवर कोरलेला आहे ती केस बदलली, तर नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील प्रत्यक्ष गाडीशी जुळत नाही, आणि मोटर वाहन कायदा 1988 च्या कलम 52 नुसार असा बदल परवानगी घेऊन नोंदवावा लागतो. पहिली 15 वर्षे संपल्यावर दर 5 वर्षांनी नोंदणीचे नूतनीकरण करताना हा क्रमांक तपासला जातो, तेव्हा अडचण पुढे आल्याशिवाय राहत नाही. क्रमांक घासून जुना क्रमांक कोरण्याचा सल्ला कोणी दिला तर तो ऐकू नये, तो गुन्हा आहे. फुटलेली केस ॲल्युमिनियमची असल्याने चांगल्या आर्गन वेल्डरकडून भरून घेता येते का, हे आधी पाहावे. दुसरी केस घ्यायचीच असेल तर विक्रेत्याकडून पावती आणि मूळ गाडीची कागदपत्रे घेतल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

प्रश्न : इंजिन बांधून तयार आहे. रनिंग कसे काढावे? काही जण म्हणतात की आधी तासभर गाडी स्टँडवर उभी करून चालू ठेवावी, काही म्हणतात की 2000 किलोमीटर 40 च्या वर जाऊ नये. (एक वाचक, लातूर)

उत्तर : फोर-स्ट्रोक इंजिनाबद्दल लिहितो. स्टँडवर तासभर चालू ठेवण्याने हित होत नाही. होनिंगने ब्लॉकच्या भिंतीवर ज्या तिरक्या रेघा उठतात त्यांवर रिंगा घासून बसायच्या असतात, आणि रिंगेला भिंतीवर दाबण्याचे काम जळणाऱ्या वायूचा दाब करतो. उभ्या गाडीत हा दाब कमी असतो, वारा नसल्याने इंजिन तापते आणि भिंत गुळगुळीत होऊन बसते. पुढे कितीही किलोमीटर झाले तरी अशी गाडी ऑइल खात राहते.

गाडी चालू झाल्यावर गळती, आवाज आणि ऑइलचा पुरवठा पाहून काही मिनिटांत रस्त्यावर काढावी. मध्यम थ्रॉटलने वेग वाढवावा, थ्रॉटल सोडून गाडी स्वतःहून संथ होऊ द्यावी, पुन्हा वाढवावा. एकाच वेगाने लांब अंतर जाऊ नये, मोठ्या गिअरमध्ये इंजिन दमवू नये, मागे ओझे घेऊ नये. रिंगा बसण्याचे बरेचसे काम सुरुवातीच्या अंतरातच होते, म्हणून 2000 किलोमीटर 40 च्या आत राहण्याची आवश्यकता मला दिसत नाही. पहिल्या 500 किलोमीटरपर्यंत संयम ठेवावा आणि मग वेग हळूहळू वाढवावा.

ऑइल साधे मिनरल आणि मोटरसायकलचे असावे. स्प्लेंडरसारख्या गाडीत क्लचही त्याच ऑइलमध्ये बुडालेला असतो, म्हणून डब्यावर ‘जासो एमए’ (ऑइलमध्ये बुडालेल्या क्लचला चालणाऱ्या ऑइलची खूण) असे लिहिलेले पाहून घ्यावे. मोटारीचे ऑइल घातल्यास क्लच घसरू शकतो. पहिले ऑइल 100 किलोमीटरच्या सुमारास, गाडी गरम असतानाच काढावे, दुसरे 500 ला. काढलेले ऑइल स्वच्छ पांढऱ्या भांड्यात घेऊन त्यात लोहचुंबक फिरवावे. पिठासारखी करडी पूड चिकटली तर ती नव्या रिंगांची आहे, काळजी नको. चकाकणारे कपचे किंवा पितळी रंगाच्या पापुद्र्या दिसल्या तर गाडी तेथेच थांबवावी आणि पुन्हा उघडावी, कारण त्या बुश किंवा बेअरिंगमधून आलेल्या असतात. पहिल्या ऑइल बदलाच्या वेळी, इंजिन पूर्ण थंड झाल्यावर, हेडचे नट समोरासमोर या क्रमाने टॉर्क पान्याने पुन्हा तपासावेत आणि त्यानंतर टॅपेट पाहावेत. हा क्रम उलटा केला तर नट आवळल्यावर टॅपेटची फट बदलते. काढलेले ऑइल गटारात किंवा शेताच्या बांधावर न ओतता डब्यात भरून ऑइल घेणाऱ्या गॅरेजकडे द्यावे.